‘बाजारातून येते’

या आठवड्याचं पत्र धुळे जिल्ह्यातून आलं आहे. थोडं आटोपशीर करून छापते आहे.

“मी चौदा वर्षांपासून मुलांच्या एका संस्थेत गृहमाता आहे. आवारात छोटी छोटी घरं आहेत, एका घरात एक आई आणि दहा मुलं. माझ्या घरातली धाकटी आता सहावीत आहे. २०२१च्या एप्रिलमध्ये ती पहिलीत होती. तेव्हा मला ताप आला, तपासणीत पॉझिटिव्ह निघाले आणि ॲम्ब्युलन्स फाटकाशी येऊन उभी राहिली. पोर पायात घोटाळत होती. मी तिला म्हटलं, ‘बाजारातून येते, तुला डांगर (खरबूज) आणते.’ दहा दिवस कोविड सेंटरला काढले, मग सात दिवस आवारातल्याच पाहुण्यांच्या खोलीत. त्या सात दिवसांत गावी माझी आई गेली. मला जाता आलं नाही. घरात परत आले तेव्हा धाकटीने माझ्याकडे बघितलंही नाही, मला ‘मावशी’ म्हणाली. दोन दिवसांनी जी चिकटली ती आजपर्यंत.

मी बाहेर निघाले की ती फाटकापर्यंत येते, पिशवीत काय आहे ते चाचपून बघते. ‘तुला काय आणू?’ विचारलं तर म्हणते, ‘काही नको.’ तिच्या उशाखाली भाकरीचे तुकडे सापडतात. त्यानंतर मी एक रात्रही बाहेर राहिलेले नाही. भाऊ दरवर्षी फोन करतो, ‘औंदा आखाजीले येजो,’ यंदा अक्षय्य तृतीयेला ये. त्या दिवशी गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात, आईच्या घागरीला मी एकदाही नव्हते. संस्थेचे साहेब म्हणतात, पोरगी मोठी झाली, नाटकं करते, तुम्ही पहाटे न सांगता निघा म्हणजे रडारड नको. माझ्या घरातली मोठी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती, त्या सतरा दिवसांत तिनेच लहानांना सांभाळलं. ती समंजस आहे, म्हणते, ‘आई तू जा, मी बघते.’ मी जावं का? आणि त्या दिवशी खोटं बोलले ते आता धाकटीला सांगावं, की जुनं उकरू नये?”

प्रिय ताई,

जा. आखाजीला जा, दोन रात्री राहा, आईच्या घागरीला हात लावा. पण पहाटे, चपला हातात घेऊन, न सांगता नको. साहेबांचा हेतू वाईट नसेल, लेकराची रडारड कुणालाच बघवत नाही. पण तुमच्या धाकटीचं दुखणं नेमकं तिथलंच आहे. जिथं लागलंय तिथंच पुन्हा मारायचं कशाला?

आपल्याकडे घरातून निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही. चुकून म्हटलंच तर म्हातारी माणसं टोकतात, ‘येते म्हण.’ माझे वडील भुसावळला रेल्वेत गार्ड होते. रात्री-अपरात्री ड्युटीचा निरोप घेऊन कॉलबॉय दार वाजवायचा, वडील ड्रेस चढवायचे, पेटी बाहेर ठेवायचे आणि आम्ही भावंडं गाढ झोपेत असलो तरी एकेकाच्या पायाला हात लावून ‘येतो रे’ म्हणायचे. सकाळी ‘बाबा कुठे?’ विचारलं की आई सांगायची, ‘खंडव्याला गेलेत, उद्या दुपारी येतील.’ कधी इगतपुरी असायची, कधी बडनेरा. गाड्या लेट व्हायच्या, दुपारची रात्र व्हायची. तरी आम्हाला कधी धास्ती वाटली नाही, कारण त्या ‘येतो’ला गावाचं नाव होतं आणि वेळही होती.

तुमच्या लेकीला मिळालेलं ‘येते’ नुसतं होतं. त्यातला बाजारही खरा नव्हता, आणि हे तिला त्या क्षणीसुद्धा माहीत होतं, असं मला वाटतं. एप्रिल २०२१मध्ये पुन्हा निर्बंध लागले होते. तिने वर्षभर बघितलं होतं की आई बाजाराला जात नाही, बाजारच फाटकाशी येतो.

तुम्ही त्या वर्षाबद्दल चार पानं लिहिलीत. वर ती छापता आली नाहीत, पण मी ती दोनदा वाचली. २२ मार्च २०२०चा तो रविवार, जनता कर्फ्यू. संध्याकाळी मुलांनी ताटल्या वाजवल्या आणि दोनच दिवसांनी फाटकाला कुलूप लागलं. दूधवाला कॅन फाटकाबाहेर ठेवायचा, हाक मारून लांब उभा राहायचा. भाजी मिठाच्या पाण्यात, पिशव्या उन्हात. जुन्या सुती लुगड्यांचे मास्क शिवायला मोठ्या मुली बसल्या. दहा मुलांत एक मोबाइल, त्याचं वेळापत्रक भिंतीवर, आणि ज्याची पाळी त्याच्या मागे इतर नऊ जण मान वाकवून. सह्याद्री वाहिनीवर मुलांचे धडे लागायचे तेव्हा मात्र सगळे सतरंजीवर. केळीला उठाव नव्हता म्हणून रावेरकडच्या एका शेतकऱ्याने गाडीभर केळी आणून ओतली. तुम्ही ती उकडली, तळली, सुकवली, तरी पुरून उरली. मे महिन्यात पारा ४४-४५ला टेकला तेव्हा अंगणात ओळीने गोधड्या. बिबड्यांचा (ज्वारीच्या पापडांचा) घाटा शिजला की खाटेवर पडायच्या आधीच अर्धा मुलांच्या पोटात. आणि गच्चीवरून दिसणारा मुंबई-आग्रा महामार्ग, त्यावरून डोक्यावर बोचकी घेऊन उत्तरेकडे चालत निघालेली माणसं. मुलांनी त्यांच्यासाठी पाण्याच्या बाटल्या भरून दिल्या. तुमच्या धाकटीने तेव्हा विचारलं होतं, ‘यांना त्यांच्या घरचे घेतील का?’

पाच वर्षांच्या पोरीचा प्रश्न आहे हा ताई. कुठून आला असेल, ते तुम्हाला मी सांगायला नको.

ते वर्ष बाकीच्या जगासाठी कोंडवाड्याचं होतं. पण ज्या लेकराला आधीच एकदा कुणीतरी सोडून गेलंय, त्याच्यासाठी ते वर्ष निराळं होतं. फाटकाला कुलूप, म्हणजे कुणी जाणार नाही. आई सकाळी आहे, दुपारी आहे, रात्री कूस बदलली तरी शेजारी आहे. सुट्टीवर नाही, मीटिंगला नाही, बदली मावशी नाही. एवढा भरवसा तिला जन्मात पहिल्यांदा मिळाला असेल. आणि वर्षभराने ते फाटक उघडलं ते नेमकं तुम्हाला न्यायला. अंगभर पांढरे कपडे घातलेली, तोंडं न दिसणारी माणसं आली आणि तुम्ही म्हणालात, बाजारातून येते. तुम्ही तापात होतात, घाबरलेल्या होतात, पोर रडू नये एवढंच तुमच्या मनात होतं. तुमच्या जागी मी असते तरी बहुधा हेच बोलले असते. म्हणून स्वतःला फार कोसू नका. पण तिच्या बाजूने ते काय होतं, हे एकदा नीट बघणं भाग आहे.

परत आल्यावर ती तुम्हाला ‘मावशी’ म्हणाली, हे तुमच्या फार जिव्हारी लागलेलं दिसतं. त्याबद्दल एक जुनी गोष्ट सांगते. इंग्लंडात पूर्वी मुलांच्या वॉर्डात आईवडिलांना जवळजवळ येऊच देत नसत. आई भेटून गेली की मूल रडतं, नाही आली तर शहाण्यासारखं पडून राहतं, असा हिशोब होता. जेम्स रॉबर्टसन नावाचे एक समाजकार्यकर्ते अशा मुलांजवळ तासन् तास बसले. त्यांना दिसलं ते असं की मूल आधी आकांत करतं, मग आशा सोडून गप्प होतं, आणि शेवटी आई समोर आली तरी परक्यासारखं वागतं. गप्प झालेलं मूल सावरलेलं नसतं, त्याने दुखणं आत ढकललेलं असतं. त्यांनी आणि मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी हे वर्षानुवर्षं लावून धरलं, आणि १९५९मध्ये तिथल्या सरकारी समितीने आईवडिलांना मुलांजवळ मुक्तपणे येऊ द्या अशी शिफारस केली. तेव्हा ‘मावशी’ हा शब्द तुमचा अपमान नव्हता. सतरा दिवस, त्यातले सात तर तुम्ही लिंबाच्या झाडापलीकडच्या खिडकीत दिसत होतात पण जवळ येत नव्हतात! तिने त्या दिवसांत स्वतःला कसं सांभाळलं असेल, ते त्या एका शब्दात आहे. दोन दिवसांनी ती चिकटली, हे तुमच्या दोघींचं नशीब. काही मुलं चिकटत नाहीत.

आता खोट्याबद्दल. सांगा. जुनं उकरू नये हा सल्ला पुरलेल्या गोष्टींना लागू पडतो, आणि ही पुरलेली नाही. ती रोज तुमची पिशवी चाचपते आहे.

समोर बसवून, दार लावून सांगू नका, मुलांना त्याची भीती वाटते. झोपायच्या वेळी तर मुळीच नको, रात्र मोठी होते. दोघी मिळून काही काम करत असाल तेव्हा सांगा, डाळ निवडताना, शेंगा फोडताना, म्हणजे तिला मान खाली ठेवून ऐकता येईल. आणि थोडक्यात सांगा. “मला ॲम्ब्युलन्सने नेलं त्या दिवशी मी तुला बाजाराला जाते म्हणाले होते. ते खोटं होतं. मला कोरोना झाला होता, मी दवाखान्यात चालले होते आणि कधी येईन ते मलाच माहीत नव्हतं. मी घाबरले होते. तुला खरं सांगायला हवं होतं. माझं चुकलं.” एवढंच. ‘पण तू लहान होतीस ना’ हे शेपूट जोडू नका, त्याने कबुली परत घेतल्यासारखं होतं. ‘आता रागावली नाहीस ना?’ असंही विचारू नका, नाहीतर तुम्हाला समजावण्याचं काम तिच्यावर पडेल. ती कदाचित म्हणेल, ‘मला माहीत होतं.’ कदाचित काहीच बोलणार नाही, उठून जाईल. जाऊ द्या. दोन-चार दिवसांनी ती आडूनआडून काहीतरी विचारेल, सुई टोचली होती का, तिथं जेवायला काय होतं, तू मेली असतीस का. तेव्हा हातातलं काम थांबवून उत्तर द्या. शेवटच्या प्रश्नालाही.

भाकरीच्या तुकड्यांवरून तिला बोलू नका, आणि ती नसताना उशी झाडून तुकडे फेकूही नका. तिला झाकणाचा एक डबा द्या. त्यात मुरमुरे, शेंगदाणे, गूळ, कळण्याच्या भाकरीचा चतकोर, जे टिकेल ते. तो तिचा, तिने केव्हाही उघडावा, संपला की तुम्ही भरावा. सुरुवातीला रोज रिकामा होईल. मग एखाद्या आठवड्यात तो भरलेलाच राहील आणि तुमच्या लक्षातही येणार नाही.

आखाजीला अजून वेळ आहे, तेवढ्यात जाण्या-येण्याचा सराव करा. पहिल्यांदा धुळ्याला एका दुपारी. आदल्या दिवशी सांगा, कुठे, कशाला, किती वाजता परत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिच्याच हाताने वेळ लिहून घ्या. पाचला येते म्हणालात तर पावणेपाचला या. उशीर होणार असेल तर पाच वाजायच्या आधी फोन करा, नंतर नाही. ‘तुला काय आणू?’ हे काही दिवस बंद. तिच्या लेखी आणण्याचं वचन आणि न परतणं हे एकाच वाक्यात बांधलं गेलंय, ती ‘काही नको’ म्हणते ते त्यामुळे. तिला डांगर नको, तुम्ही हव्या आहात. दोन-तीन दुपारी अशा झाल्या की मग एक रात्र, जवळच्या जवळ. त्या रात्री ती रडेल. साहेबांनाही आधी सांगून ठेवा की ती रडणार आहे आणि रडू द्यायचं आहे. तोंडावर रडणारं मूल मला गप्प मुलापेक्षा कितीतरी बरं वाटतं.

तुमच्या जागी जी मावशी राहणार आहे, तिला आधी दोन रात्री तुम्ही असताना राहायला बोलवा. मुलांना तिच्या हातची भाजी ठाऊक होऊ दे. आणि जाण्याचं सगळ्या दहा जणांना एकत्र सांगा. धाकटीला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं तर तिला वाटेल हे काहीतरी खास धोक्याचं आहे, आणि बाकीच्यांना वाटेल आपली कुणाला पर्वा नाही.

तिला सोबतच न्यावं, असंही मनात येऊन गेलं असेल. यंदा नको. परवानगीचा भाग आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उरलेल्या नऊंना काय सांगाल? आणि आई जाते आणि परत येते, हे तिला मागे राहूनच अनुभवायचं आहे. तुमची रोजची गोधडी तिच्या अंथरुणावर ठेवून जा.

आता ज्या मुलीबद्दल तुम्ही पत्रात दोनच ओळी लिहिल्यात, तिच्याबद्दल. मोठी. बारा वर्षांच्या मुलीने सतरा दिवस नऊ लेकरं सांभाळली आणि तुम्ही लिहिता, ती समंजस आहे. ताई, रॉबर्टसन यांच्या त्या गप्प मुलांची आठवण मला धाकटीपेक्षा हिच्याबद्दल वाचताना जास्त आली. त्या सतरा दिवसांत हिच्याजवळ कोण होतं? हिला कुणी विचारलं का, तू जेवलीस का, तुला झोप लागते का? आज ती सतरा वर्षांची आहे. पुढच्या वर्षी अठरा पूर्ण होतील, कायद्याने ती बालगृहातून बाहेर पडेल, एकवीसपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, सोय मागता येते ती वेगळी. म्हणजे हिलाही निघायचं आहे, आणि हिच्या बोलण्यात सगळ्यांचं जाणं-येणं आहे, स्वतःचं कुठेच नाही. ‘तू जा, मी बघते’ हे तिचं वाक्य ऐकून तुम्हाला हायसं वाटलं असेल. मला काळजी वाटली. या वेळी घर तिच्यावर सोपवू नका. मावशीवर सोपवा आणि मोठीला स्पष्ट सांगा की हे तुझं काम नाही. त्याआधी एक संध्याकाळ फक्त तिची. तिला सांगा, ‘त्या वेळी तू एवढीशी होतीस आणि मी तुझ्यावर सगळं टाकलं.’ ती हसून उडवून लावेल. पुन्हा विचारा.

संस्थेत समुपदेशक येत असतील तर दोघींची नावं त्यांच्याकडे द्या. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा ठेवणं बाल न्यायाच्या नियमांतच आहे, तो फक्त फायलीपुरता नसतो. ‘आई रात्री बाहेर राहिल्यास भीती’ ही नोंद त्यात झाली की साहेबही त्याला नाटक म्हणणार नाहीत. तुमच्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. धाकटीला झोप लागेनाशी झाली, जेवण सुटलं, तर मात्र फोनवर भागवू नका, धुळ्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि तुम्ही. रागावू नका, पण एक बोलायचं आहे. धाकटीची भीती खरी आहे, त्यात मला शंका नाही. पण तिच्या भीतीच्या आडोशाला तुम्हीही उभ्या आहात, असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं. पोर सोडत नाही म्हणून मी माहेरी जात नाही, हे म्हणणं सोपं आहे. आई नसलेल्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहणं अवघड. तुम्ही तिचं शेवटचं तोंड पाहिलं नाही. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती आणि त्या विसांत तुम्ही नव्हतात. खिडकीत बसून फोनवर ऐकलंत, आणि चौथ्या दिवशी बाहेर येऊन दहा जणांच्या भाकरी थापायला लागलात. रडलात कधी? पत्रात कुठेच नाही.

खान्देशात आखाजी लेकींची. झोके, गौराई, गाणी, पुरणपोळी आणि आमरस सगळं माहेरवाशिणींसाठी. आणि त्याच दिवशी गेलेल्यांची घागर भरायची, तिच्यावर डांगर आणि सांजोरी ठेवायची, चुलीत आगारी, म्हणजे पितरांच्या नावाचा घास, टाकायची. आपल्या लोकांनी लेकीचं येणं आणि पितरांचं येणं एकाच दिवशी का ठेवलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार केलाय. तुमचा भाऊ अहिराणीत जे दोन शब्द बोलतो त्यात त्याचंही काही अडलेलं आहे. त्यानेही ती घागर इतकी वर्षं बहिणीशिवाय भरली. भावजयीला सांगा, यंदा पाणी मी आणते. तिथं रडू आलं तर रडा, तिथं तुम्हाला दहा जणांना सांभाळायचं नाही.

डोळे सुजलेले घेऊन परत आलात आणि धाकटीने विचारलं, तर तिला खरं सांगा. माझी आई गेली होती, तेव्हा मला जाता आलं नाही, आता जाऊन आले. हे तिला तुमच्यापेक्षा लवकर समजेल.

मुक्कामाच्या दोन्ही दिवशी संध्याकाळी साडेसातला फोन करा. आधी धाकटीशी बोला, मग सगळ्यांशी, आणि शेवटी मोठीशी एकटीशी. गावात रेंज नसेल तर आधीच भावाला विचारून ठेवा कुठल्या गच्चीवर मिळते. साडेसात म्हणजे साडेसात.